पाटी की काच

२ फेब्रुवारी

बारके,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तीन वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हटल्यावर तुझ्या मनात पहिलं हेच येणार, म्हणून आधीच सांगून टाकते. आत्या ठणठणीत आहे आणि अजूनही सगळ्यांच्या संसारात नाक खुपसते. तुझा पत्ता तिनंच दिला, वर "मी दिला म्हणून सांगू नकोस हं" असं बजावलं. मी सांगितलं. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतेस, म्हणून हा पोस्टाचा खटाटोप.

काम अगदी किरकोळ आहे. माझा ड्रॉइंगचा टॅब्लेट म्हातारा झालाय. तास-दीड तास काम केलं की तापतो, आणि डाव्या कोपऱ्यात पेन टेकवलं की रेघ टोकापासून दाणाभर लांब उमटते. नवा घ्यायचाय. या खेपेला मनात आलं, स्क्रीनवाला न घेता बिनस्क्रीनचा घेऊन बघावा. तुझ्यासारखा. हो, तोच, ज्याला मी आंधळी पाटी म्हणायचे. हसून घे एकदाचं.

आठवतं ना, एकाच टेबलाच्या दोन टोकांना आपल्या दोन तऱ्हा? मी काचेवर नाक टेकेल इतकी वाकून, पेनाच्या टोकाखाली रेघ उमटताना बघत बसणार. तू ताठ बसून समोरच्या मोठ्या स्क्रीनकडे बघणार आणि खाली त्या काळ्या पाटीवर हात आपला आपला फिरत असणार, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता. मी म्हणायचे, हे म्हणजे तोंड दुसरीकडे करून जेवणं झालं. तू म्हणायचीस, "घास तोंडातच जातो ना, ताई?"

दुकानदाराला विचारलं तर त्यानं अक्कल पाजळली. म्हणे, स्क्रीनवाला म्हणजे खऱ्या चित्रकारांसाठी आणि बिनस्क्रीनचा शिकणाऱ्यांसाठी, "तुमच्यासारख्यांना काचच शोभेल, मॅडम." मी म्हटलं, माझी बहीण बारा वर्षं पाटीवर काम करतेय आणि तुमच्या दुकानातल्या सगळ्या काचा तिच्यापुढे पाणी भरतील. बघ, तुझी बाजू घेऊन भांडले.

तर तू मला एवढंच कळव, की काचेवर सवय झालेल्या माणसाचा हात पाटीवर बसायला किती दिवस लागतात. पंचवीस दिवसांत जमेल का? आणि पाटी केवढी घ्यावी? दुकानदार छोटी घ्या म्हणतो, टेबलावर जागा कमी अडवते.

मान दुखते म्हणून बदलतेय. वाकून वाकून मानेचा पार खुर्दा झालाय. दुसरं काही कारण नाही.

उत्तर लगेच पाठव. दोन ओळी चालतील. रागानं लिहिल्यास तरी चालतील.

तुझी ताई


७ फेब्रुवारी

बारके,

आत्याला फोन करून पत्ता पुन्हा तपासला. बरोबर आहे. म्हणजे पत्र पोचलंय आणि तू तोंड फुगवून बसली आहेस. बस. लहानपणी तू रुसलीस की मी दाराबाहेर उभी राहून तुला बरं वाटेपर्यंत बडबड करायचे, तसंच समज हे.

पंचवीस दिवस का, हे तू विचारलं असतंस, उत्तर दिलं असतंस तर. आता विसावर आलेत. सांगते.

मुलांच्या पुस्तकांच्या एका चांगल्या प्रकाशन संस्थेनं मला बत्तीस पानांचं काम दिलंय. सायकल दुरुस्तीच्या दुकानात राहणाऱ्या मांजरीची गोष्ट आहे. मी जीव ओतून आठ पानं केली आणि पाठवली. आठवड्यानं संपादकबाईंनी बोलावून घेतलं. बाई आवाज चढवणाऱ्यांतल्या नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. पानं माझ्यासमोर मांडून म्हणाल्या, "या रेघा फार स्वच्छ आहेत. एकही कुठे अडखळत नाही, जाड होत नाही, बारीक होत नाही. हल्ली लोक मशीनकडून चित्रं करून घेतात आणि स्वतःची म्हणून देतात. तुमच्याबद्दल तसं म्हणायचं नाही मला. पण मला विचारलं जाणार."

चोवीस वर्षं चित्रं काढतेय मी, आणि मला म्हणतात तू मशीन आहेस. मला तिथे हसू आलं, बारके, आणि ते थांबेना. बाई घाबरून पाणी मागवायला लागल्या.

ठरलंय ते असं. सत्तावीस तारखेला त्यांच्या ऑफिसात जायचं आणि तिघांसमोर बसून काढून दाखवायचं. जमलं तर पुस्तक माझं. नाही जमलं तर नुसतं पुस्तक जात नाही. या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. एकदा 'तिची चित्रं तिची नसतात' असं झालं की मला फळ्यावर खडूनं काढायलासुद्धा कोणी बोलावणार नाही.

बाई म्हणाल्या, तुमचं साहित्य आणा, नाहीतर आमच्याकडे मोठा स्क्रीनवाला टॅब्लेट आहे. तोच मला नकोय. काचेवर काढायचं तर तिघं माझ्या डोक्यावर उभे राहून हाताकडे बघणार. पाटी असली की सगळ्यांच्या माना समोरच्या स्क्रीनकडे वळतील, हाताकडे कुणाचं लक्षही जाणार नाही. माझ्या हाताकडे कोणी बघितलेलं मला आवडत नाही.

रेघ एवढी स्वच्छ का, ते सांगते. स्मूदिंग वाढवलंय. हात कसाही चालो, प्रोग्राम मागून येऊन रेघ सरळ करून टाकतो. सगळेच थोडं वाढवतात. माझं किती आहे ते विचारू नकोस. त्या दिवशी ते बंद करून काढायचंय, ही त्यांची अट.

आता तरी लिही. कृपा कर. हा शब्द मी तुझ्याशी कधी वापरला नसेल.

ताई


१२ फेब्रुवारी

तू उत्तर दिलं नाहीस म्हणून मी दुकानदाराचं ऐकलं. छोटी पाटी आणली, पुस्तकाच्या पानाएवढी. चार दिवस ती पुढ्यात घेऊन बसलेय आणि चार दिवस रडतेय. आता खोटं बोलून काही उपयोग नाही, कारण माझ्याकडे पंधरा दिवस उरलेत आणि तुझ्याखेरीज कोणी नाही.

हात हलतो, बारके.

उजवा. पेन धरलं की जास्त. बारीक काम आलं की त्याहून जास्त. कोणी बघत असेल तर विचारू नकोस. काचेवर काढताना मी हाताकडे बघत राहते आणि बघितलं की तो आणखी हलतो, म्हणून मला पाटी हवी होती. लोकांपासून लपवायला हे खरंच, पण माझ्यापासूनही. हात दिसलाच नाही तर कदाचित शहाण्यासारखा वागेल, असं वाटलं. आणि या छोट्या पाटीनं तर माझी अब्रूच काढली. हात जरासा हलतो आणि स्क्रीनवर रेघ करवतीच्या दात्यांसारखी उमटते. सायकलचं चाक काढायला घेतलं, तर कोणीतरी चिडून खोडल्यासारखं दिसलं.

तुला हे नवीन नाही, माहीत आहे मला. तुला मी न सांगताच कळलं होतं.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. जेवणाच्या सुट्टीत तू खाली गेली होतीस आणि आपण दोघी करत होतो त्या आगबोटीच्या पुस्तकाची फाइल तुझ्या स्क्रीनवर उघडी होती. मी नुसतं बघायला बसले. तिथे चित्राच्या थरांत खालचा एक लेयर बंद करून ठेवलेला दिसला. उघडला तर त्यात माझी रेघ. हलणारी, केविलवाणी. आणि वर जी दिसत होती ती तुझी. हुबेहूब माझ्यासारखी, मी धड असताना काढायचे तशी. एक पान उघडलं, दुसरं उघडलं, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पानांवर तेच. आपला करार काय होता? रेघ माझी, रंग तुझा. तू वर्षभर मला न सांगता, मला वाईट वाटू नये म्हणून, माझ्या प्रत्येक रेघेवरून तुझी रेघ ओढत होतीस आणि माझी एकही पुसली नव्हतीस.

तू वर आलीस तेव्हा मी तुला चोर म्हटलं. जे सुचेल ते बोलले, शेजारच्या ऑफिसातले लोक दारात येऊन उभे राहीपर्यंत. तू फक्त म्हणालीस, "ताई, तुझा हात..." आणि मी ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तुझी पिशवी जिन्यात ठेवली आणि दार लावून घेतलं.

तू चोर नव्हतीस. मला उघडं पडायचं नव्हतं, म्हणून तुला घालवलं. तीन वर्षं हे मला पाठ आहे आणि लिहायला आज जमलं, तेही गरज पडली म्हणून. एवढी मी वाईट आहे. तरी मला शिकव.

ताई


२० फेब्रुवारी

बारके, माझ्या बाई,

पार्सल आलं, चार दिवस झाले! कुरियरवाल्यानं सही मागितली तेव्हा मी खोक्यावरचं तुझं नाव बघून तिथेच पायरीवर बसले. त्याला वाटलं काही वाईट बातमी आहे. "मावशी, कुणाला बोलावू का?" म्हणाला. मावशी! बघ, कुठवर आलोय आपण.

तुझीच पाटी. केवढी मोठी आहे ती! ट्रेएवढी. आणि वर ओरखडे असे, की कोणी त्यावर स्केटिंग केलं असावं. तू आता नवी घेतली असशील आणि जुनी माझ्या माथी मारलीस, पण मी तक्रार करणार नाही. चिठ्ठी टाइप केलेली बघून मात्र थोडं टोचलं. चार ओळी, ना 'ताई' ना 'तुझी'. मीही टाइपच करते म्हणा, मला बोलायला तोंड नाही.

पण चार ओळी कसल्या, सोन्याच्या आहेत. तू म्हणतेस, छोटी पाटी वापरू नकोस, तिच्यावर हात बोटभर हलला की स्क्रीनवर वीतभर हलतो. मोठीवर वीतभर हात फिरवला की वीतभरच रेघ येते. मनगट विसर, कोपर उचल, खांद्यातून काढ. स्मूदिंग बंद.

तुला गंमत सांगते. पहिल्या दिवशी गोल काढला, तो बटाटा झाला. दुसऱ्या दिवशीही बटाटाच, पण जरा देखणा. जुन्या सवयीनं मान सारखी खाली जायची हाताकडे, म्हणून हातावर उशीचा अभ्रा टाकला. अभ्र्याखाली हात चालतोय आणि मी समोर बघतेय, शेजारीण साखर मागायला आली ती तशीच परत गेली. चौथ्या दिवशी खांदा एवढा भरून आला की केस विंचरता येईनात. पण आज चाकाच्या तारा काढल्या, बारके. छत्तीस. एकेका दमात. हलतात, पण मेलेल्या नाहीत. कुठे जाड, कुठे बारीक, माझ्या जुन्या रेघेची दूरची नातेवाईक शोभतील अशा.

शेवटी तू विचारलं आहेस, "डॉक्टरला दाखवलंस का? काय म्हणाला ते कळव." ते सगळं सावकाश बोलू. ती एक वेगळीच कटकट आहे आणि सध्या मला डोक्यात दुसरं काही नकोय. सत्तावीस होऊन जाऊ दे.

तू येशील का त्या दिवशी? आत नाही आलीस तरी चालेल. त्या इमारतीच्या खाली झाडाभोवती बाक आहेत, तिथे बसून राहा. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मला फक्त माहीत हवं, की तू खाली आहेस.

तुझी ताई


२७ फेब्रुवारी, दुपार

बाकावर तू नव्हतीस. बरं झालं नव्हतीस. जे झालं ते तुला क्रमानं सांगते, मधेच फाडू नकोस.

छोटी खोली, लांब टेबल, भिंतीवर मोठा स्क्रीन. संपादकबाई, छपाई बघणारे एक गृहस्थ आणि पुस्तकांची मांडणी करणारी एक मुलगी. टेबलावर त्यांचा स्क्रीनवाला टॅब्लेट पुसून ठेवलेला होता. मी म्हटलं, माझी पाटी आणलीय. छपाईवाल्या गृहस्थांनी नाक मुरडलं, "यावर? यावर तर आमची मुलं गेम खेळतात." मी वायर जोडली, पाटी मांडीवर घेतली, स्मूदिंग बंद केलेलं तिघांना दाखवलं आणि कोपर उचललं.

चाकामागून बघणारी मांजर काढा, असं म्हणाले. काढली. चाक एका दमात आलं. मी म्हटलं होतं तसंच झालं, तिघांच्या माना भिंतीकडे. माझ्या हाताकडे कोणीही बघितलं नाही. मांजरीच्या मिशा काढताना पेन जरा भरकटलं, तर मिशाच त्या, चालून गेलं. मांडणीवाली मुलगी हसली. गृहस्थ म्हणाले, "हे हातानंच काढलेलंय, यात वाद नाही." जिंकले होते मी, बारके. वायर काढायची आणि घरी यायचं, एवढंच बाकी होतं.

मग बाईंनी कपाटातून आगबोटीचं पुस्तक काढलं.

म्हणाल्या, "खरं सांगू का, मी तुमच्याकडे आले ते या पानामुळे. ही दोर ओढणारी बाई. खांद्यापासून टाचेपर्यंत एकच रेघ आहे आणि त्या एका रेघेत तिचं सगळं वजन आलंय. मांजरीच्या पुस्तकात मला ही रेघ हवी आहे. ही काढून दाखवा, मग मला कुणापुढे काही बोलायची गरजच पडणार नाही."

मी काढली. ढोपराशी हलली. पुन्हा काढली, कमरेशी हलली. बाई म्हणाल्या, "दमला असाल, चहा घेऊन करू या का?" मला ती वाट दिसत होती. हो म्हणायचं, दमलेय म्हणायचं, घरून करून पाठवते म्हणायचं. घरी स्मूदिंग होतं. मी तिसऱ्यांदा पेन टेकवलं आणि त्या पुस्तकातल्या बाईकडे बघितलं, आणि मला तू दिसलीस, त्या टेबलाच्या टोकाला ताठ बसलेली, माझी लाज झाकत.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "ही रेघ माझी नाही. माझ्या धाकट्या बहिणीची आहे. या पुस्तकातली प्रत्येक रेघ तिची आहे. माझा हात हलतो, म्हणून तिनं काढली. मला कळू न देता काढली. आणि त्याबद्दल मी तिला घालवून दिलं." आणि पाटीवरचा हात उचलून त्यांच्यासमोर धरला. तो तर मेला नाचत होता.

त्या मुलीनं माझ्यासाठी पाणी आणलं, आणि हातात न देता टेबलावर ठेवलं. तेवढ्यानं मला रडू फुटलं.

नंतर बाई जे बोलल्या ते असं. तुम्ही फसवणाऱ्या नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. पण मांजरीची पानं तुमच्या आत्ताच्या रेघेत होणार नाहीत, हेही मला सांगावं लागेल. तुमची बहीण काढत असेल तर पुस्तक दोघींचं. तिचा नंबर द्या.

मी दिला. बाई तुला सोमवारी फोन करतील. अनोळखी नंबर दिसेल, उचल. मला माफ करून नको, माझ्यावर दया करून तर अजिबात नको. ती रेघ तुझी आहे आणि आगबोटीच्या पुस्तकात ती माझ्या नावावर छापून झालीय. या पुस्तकावर तुझं नाव येऊ दे. मी त्या पुस्तकात नसले तरी चालेल. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला, पण लिहिलंय.

ताई


३ मार्च

बारके,

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. मी तुझ्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसलेय. दोनदा बेल वाजवली. आत नळ चालू होता तो बेल ऐकून बंद झाला, म्हणजे तू आहेस. हाक मारणार नाही. लिहून दाराखालून सरकवते.

संपादकबाईंचा मला काल संध्याकाळी फोन आला. तू त्यांना म्हणालीस, ताईला सांगू नका. त्यांनी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस, सांगताना त्यांचाही आवाज धड नव्हता.

तू दीड वर्षात एकही रेघ काढलेली नाहीस. तुझाही हात हलतो. तू डॉक्टरकडे गेली नाहीस, कारण काय ऐकावं लागेल याची तुला भीती वाटते. हळूहळू सगळं अंग जाईल, असं तू धरून चालली आहेस. पाटी तू मला दिलीस ती नवी घेतली म्हणून नव्हे. आणि चिठ्ठी टाइप का केली होतीस, ते मला कळायला हवं होतं. मला, जी स्वतः तेच करत होते.

तू मला एकच प्रश्न विचारला होतास. मी त्याला कटकट म्हटलं.

आता ऐक. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वी मी डॉक्टरकडे गेले होते. तुला घालवलं त्याच्याही आधी. त्यांनी सगळं तपासलं, कागदावर गोल गोल वेटोळं काढायला लावलं, आणि म्हणाले, हा हाताचा कंप आहे. जिवाला धोका नाही. म्हणजे तू ज्याला घाबरतेस, तो सगळं अंग जाण्याचा आजार हा नव्हे. वाढला तर हळू वाढतो, काहींना गोळ्यांनी बराच आराम पडतो. मग त्यांनी विचारलं, घरात कोणाला होता का? मी नाही म्हटलं. धडधडीत खोटं. आई सुईत दोरा आपल्याकडून ओवून घ्यायची, आठवतं? डोळ्यांना दिसत नाही म्हणायची. तांदळातला बारीक खडा बरोबर दिसायचा आणि सुई दिसत नव्हती तिला.

डॉक्टर म्हणाले, हा बऱ्याचदा घराण्यात असतो, भावंडांना सांगून ठेवा, म्हणजे उद्या त्यांना झालं तर उगाच घाबरणार नाहीत. मी मान डोलावली. कागद आणून आपल्या कामाच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. तुला सांगायचं तर आधी माझा हात हलतो हे तुला सांगावं लागलं असतं. गोळ्यासुद्धा घेतल्या नाहीत. घेतल्या असत्या तर काहीतरी झालंय हे मान्य केल्यासारखं झालं असतं. तू दारात उभी राहून "ताई, तुझा हात" म्हणालीस, तेव्हा तो कागद तुझ्यापासून चार पावलांवर होता.

दीड वर्ष तू या खोलीत एकटीनं भीत काढलीस. एका वाक्यानं ते टळलं असतं आणि ते वाक्य माझ्याकडे होतं. तू माझी हलणारी रेघ जपून ठेवलीस, आणि मी तुझ्यासाठी एवढंही केलं नाही. याची माफी नसते, मला माहीत आहे. मी मागत नाही.

तुझा कंप तोच असेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते बघावं लागेल. उद्या अकराला त्याच डॉक्टरांकडे नंबर लावलाय, दोघींचा. मांजर गेली, बाई दुसऱ्या कुणाला तरी देणार आहेत. जाऊ दे तिला. मला आता तू भीत नसलेली हवी आहेस, बाकी काही नको.

जिन्यात खालच्या मजल्यावरची बाई दोनदा येऊन बघून गेली. तिला मी चोर वाटत असणार. बरोबरच आहे.

आधीची पाचही पत्रं मी टाइप केली होती. हे हातानं लिहितेय, गुडघ्यावर वही ठेवून, आणि अक्षर असं आलंय की माझं मलाच लागत नाही. तुलाही लागत नसेल तर दार उघड. मी वाचून दाखवते.

ताई